नळीतले बूच: शिकारी गोळीची रचना आणि दाब

शिकारी रायफलच्या गोळीचा विषय निघाला की बोलणे जनावरापाशीच घुटमळते. गोळी किती खोल गेली, फुलली की फुटली, वगैरे. पण सुटण्याआधी तीच गोळी काडतुसाच्या तोंडाशी बसवलेले बूच असते. दारू पेटल्यावर चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) दाब किती चढणार, हे दारूइतकेच त्या बुचावर ठरते: ते किती कठीण, किती लांब, आणि नळीच्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या नागमोडी चरांना, किती भिडणारे. जनावरासाठी गोळीत केलेली प्रत्येक सुधारणा म्हणूनच शिकाऱ्याच्या गालाशी असलेल्या टोकालाही जाणवत आली आहे.

काळ्या दारूच्या जमान्यात हा प्रश्न फारसा नव्हता. मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश लष्करी रायफलची 480 ग्रेनची (सुमारे 31 ग्रॅमची) शिशाची गोळी सेकंदाला साधारण 1,350 फुटांनी जाई. शिसे मऊ, आट्यांत सहज रुतायचे. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्येय यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि वेग एकदम वाढला. आता नुसते शिसे आट्यांना जुमानेना. वळण न घेता ते खरवडत, घसरत पुढे जाऊ लागले. त्यावरचा तोडगा स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिन यांच्याकडे 1882 पासून होताच: शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे आवरण, म्हणजे जॅकेट.

जॅकेटने नळीतला प्रश्न सोडवला आणि शिकारीत नवा उभा केला. गोळी आकार न बदलता आरपार निघून जाई. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी 1890 च्या दशकात ब्रिटिश सैन्याच्या .303 रायफलच्या गोळीचे टोक उघडे ठेवले, म्हणजे आतले शिसे लागताच पसरावे. यातली मेख कमी जणांना ठाऊक असते. जॅकेट बुडाशीही उघडेच होते. दोन्ही तोंडे उघडी असलेल्या नळकांड्यात मागून दाब आला की शिशाचा गाभा पुढे निघून जाण्याचा आणि रिकामे जॅकेट नळीत अडकून राहण्याचा धोका असे. त्यावर पुढचा बार झाला तर काय होईल, ते सांगायला नको. 1899 च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घातली; शिकाऱ्यांनी मात्र त्या सोडल्या नाहीत. फक्त बूड बंद केले, टोक उघडे ठेवले. आजची सॉफ्ट पॉइंट गोळी ती हीच.

हिंदुस्थानच्या उन्हाने यात आणखी भर घातली. ब्रिटिशांची कॉर्डाइट दारू नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडे व्हॅसलीन यांची; तापली की ती जोरात जळे आणि दाब चढे. रिकामे काडतूस चेंबरमध्ये चिकटून बसणे हा वाघासमोर उभ्या माणसासाठी तांत्रिक तपशील नव्हता. म्हणून लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने 1911 मध्ये .416 रिग्बी काढली ती भल्यामोठ्या काडतुसाची: 410 ग्रेनची गोळी, आणि दाब जेमतेम 47,000 पीएसआय (चौरस इंचावर पौंड). तुलनेला आजच्या .30-06 या अमेरिकी काडतुसाची कमाल मर्यादा 60,000 आहे. माझ्या मते उष्ण प्रदेशासाठी केलेली ही त्या काळातली सर्वांत शहाणी रचना.

पुढची गोष्ट चिखलापासून सुरू होते. 1946 मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांनी चिखलाने माखलेल्या मूसवर (प्रचंड आकाराच्या हरणावर) गोळ्या झाडल्या. .300 हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमच्या त्या वेगवान गोळ्या खांद्यावरच फुटल्या, आत गेल्याच नाहीत. नॉस्लर यांनी मग गोळीच्या पोटात तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत ठेवली. पुढचा भाग फुलतो, भिंतीमागचा शाबूत राहतो. 1948 पासून ही 'पार्टिशन' विकली जाऊ लागली. जर्मनीत अशाच कल्पनेची एच-मँटल गोळी त्याआधीच होती, पण नाव झाले नॉस्लरचे. भिंतीपाशी मात्र धातू भरीव, आट्यांखाली दबायला तयार नाही. म्हणून सुरुवातीच्या पार्टिशनवर नेमक्या त्या जागी भोवती एक खाच कोरलेली असे, दाबाला थोडी सवलत म्हणून.

पंचावन्न वर्षांनी हीच खाच वेगळ्या रूपात परत आली. अमेरिकेच्या बार्न्स कंपनीचे रँडी ब्रुक्स यांनी शिसे काढूनच टाकले आणि 1989 मध्ये सबंध तांब्याची एक्स गोळी बाजारात आणली. जनावरावर ती उत्तम चाले. चार पाकळ्या उघडत, वजन जवळजवळ सगळे टिकून राही. नळीत मात्र कटकट. शिशाची घनता 11.3, तांब्याची 8.9, म्हणजे त्याच वजनाची गोळी लांब होणार, काडतुसातली दारूची जागा खाणार आणि आट्यांना जास्त लांबीवर घासणार. त्यातून धातू आतून दबत नाही. नळीत तांब्याचा थर साचे, दाब एका नळीत एक तर दुसऱ्या नळीत भलताच. आधी गोळीवर निळा लेप देऊन पाहिला. शेवटी 2003 च्या टीएसएक्स या सुधारित एक्स गोळीत अंगावर गोल खाचा पाडल्या. आट्यांनी सारलेल्या धातूला जायला जागा मिळाली आणि दाब आटोक्यात आला.

कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडे शिशाच्या विषबाधेने मरत होती. तिथे 2008 पासून त्यांच्या क्षेत्रात आणि 2019 पासून राज्यभर शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आली, आणि तांब्याची गोळी ही हौस राहिली नाही. 180 ग्रेनच्या शिशाच्या गोळीसाठी ठरलेले दारूचे माप 180 ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला लावू नये, म्हणून घरी काडतुसे भरणाऱ्यांच्या पुस्तिकांत दोघांचे तक्ते वेगळे असतात.

जुन्या दुनळी रायफलींचे मालक याहून सावध असतात. त्यांच्या नळ्या पातळ, मऊ पोलादाच्या, शिशाच्या गाभ्याच्या गोळ्यांसाठी घडवलेल्या. खाचा नसलेली सबंध धातूची कठीण गोळी त्यांतून गेली की कधी कधी आतल्या आट्यांचे वळण नळीच्या बाहेरच्या अंगावर उमटते. उजेडात तिरकी धरली की दिसते.