त्रयस्थ कुकी

वाचक ज्या संकेतस्थळावर आहे त्याखेरीज दुसऱ्याच कंपनीने त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. ‘थर्ड-पार्टी कुकी’ हे नाव अधिक रूढ. बड्या जाहिरात-कंपन्या व्यक्तिगत माहिती गोळा करतात त्याविषयीच्या नैतिक वादात तिचा उल्लेख वारंवार येतो.

कुकीचे तंत्र लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत विकसित केले. वेब सर्व्हरला आधीची मागणी आठवत नाही; त्यामुळे ग्राहकाने निवडलेल्या वस्तूंची यादी टिकत नसे. प्रत्येक ब्राउझरला कायमचा क्रमांक देणे सोपे होते, पण त्यातून माणसाचा सर्वत्र माग काढता आला असता म्हणून तो मार्ग टाळला, असे माँटुली सांगतात. कुकी ठेवणाऱ्या स्थळालाच ती परत मिळावी, असे बंधन घालण्यात आले. फट राहिली ती वेगळीच : एका पानावर दुसऱ्या सर्व्हरवरची चित्रेही असू शकतात आणि तो सर्व्हरही आपली कुकी ठेवू शकतो. एकाच सर्व्हरची जाहिरात अनेक स्थळांवर झळकत असेल, तर त्या साऱ्या भेटी एका वाचकाच्या नावे जोडता येतात.

माग काढणे हा मूळ हेतू होता की अनवधानाने झालेला परिणाम, यावर दुमत संभवते. माँटुली यांचे कथन बऱ्याच नंतरचे आहे. तरीही दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र धोका पुढे कुणाला ठाऊकच नव्हता, असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी १९९७ च्या ‘आरएफसी २१०९’ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकाने अशा कुकी वापरकर्त्याने मुभा दिल्याशिवाय स्वीकारू नयेत, असे सुचविले होते. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या ब्राउझरांनी ते मानले नाही. याच सुमारास उभी राहिलेली डबलक्लिक ही जाहिरात-कंपनी २००८ मध्ये गूगलकडे गेली.

पुढचा वाद संमतीचा. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘प्लॅनेट४९’ खटल्यात दिला. स्वीकार एका टिचकीत आणि नकार मात्र अनेक टिचक्यांत, या कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला.

ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये अशा कुकी सरसकट रोखल्या. क्रोममधून त्या हटविण्याचा बेत गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केला आणि जुलै २०२४ मध्ये सोडला. लॉग-इन केलेल्या वापरकर्त्यांची माहिती गूगलकडे असतेच. कुकी गेल्यास लहान प्रतिस्पर्ध्यांचीच कोंडी होईल, अशी चिंता ब्रिटनच्या स्पर्धा-नियामकाने व्यक्त केली होती.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी लागते.