अफूच्या परवान्यापासून जिभेखालच्या गोळीपर्यंत

नागपूरच्या वर्तमानपत्रांत अमली पदार्थांची बातमी आली की ती बहुतेक वेळा एमडीची (मेफेड्रोन या उत्तेजक पावडरीची) किंवा गांजाची असते. या दोन्हींवर पर्यायी औषध नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ज्याला डॉक्टर मंडळी ‘ओएसटी’ (ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी, म्हणजे पर्यायी औषधाचा उपचार) म्हणतात तो फक्त अफूच्या कुळातल्या व्यसनांसाठी आहे: अफू, गर्द (ब्राउन शुगर), हेरॉइन, आणि दुखण्यावर म्हणून सुरू होऊन पुढे सुटेनाशा झालेल्या ट्रामाडॉल, पेन्टाझोसिन, कोडीनसारख्या गोष्टी. रोज थोडं, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याच कुळातलं औषध द्यायचं, म्हणजे टर्की (नशा तुटल्यावर होणारा शारीरिक त्रास) लागत नाही, सुई लागत नाही आणि माणूस कामावर जाऊ शकतो. ‘व्यसनावर व्यसनच देता का?’ हा प्रश्न त्यावर ठरलेला. भारतात त्याचं उत्तर मात्र बरंच जुनं आहे.

इंग्रजी अमलात नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं आणि अफू ही उत्पन्नाची बाब होती. परवान्याच्या दुकानातून ती उघड विकली जाई. अफूच्या प्रश्नावर १८९३ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने १८९५ मध्ये अहवाल दिला आणि बंदीची गरज नाही असा निष्कर्ष काढला; तिजोरीचा विचार त्यामागे नव्हता असं मानायला मी तयार नाही. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, औषधाखेरीजचा वापर दहा वर्षांत संपवायचं ठरलं. पण जुन्या अफूबाजांचं काय? १९५९ नंतर वैद्यकीय दाखला असलेल्या नोंदणीकृत व्यसनींना सरकारी कोट्यातून अफू मिळत राहिली. नाव कुणी दिलं नव्हतं, पण हा पर्यायी उपचाराचाच ओबडधोबड अवतार होता.

परदेशात त्याला शास्त्राची बैठक मिळाली ती न्यूयॉर्कमध्ये. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी १९६५ मध्ये २२ हेरॉइन व्यसनींवरच्या मेथाडोन (अफूच्याच कुळातलं कृत्रिम औषध) उपचाराचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढच्याच दशकात हाँगकाँगने मेथाडोनचे दवाखाने शहरभर उघडले, आणि श्रीमंत देशाच्या संशोधन संस्थेबाहेरही हे जमतं, हे दिसलं.

आपल्याकडे तोवर वारं उलट दिशेला वाहू लागलं होतं. ऐंशीच्या दशकात गर्द आली. १९८५ मध्ये एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला, आणि कायदा म्हटला की पोलीस, छापे, जामीन एवढंच डोळ्यांसमोर येतं. त्याच कायद्याचं कलम ७१ कुणी फारसं वाचत नाही. त्यात व्यसनींसाठी उपचार केंद्रं काढण्याची आणि नोंदणीकृत व्यसनींना अमली द्रव्यांचा पुरवठा करण्याची तरतूद पहिल्यापासून आहे. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक औषधांची वाट थोडी मोकळी केली आणि उपचाराच्या जोडीला ‘व्यवस्थापन’ही कायद्यात आलं.

महाराष्ट्रात याच काळात, १९८६ मध्ये, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्याने मराठी घरांना व्यसन हा आजार आहे हे शिकवलं, हे ऋण मोठं आहे. पण त्या वाटेचं गंतव्य पूर्ण मुक्ती हेच. विदर्भात तर वर्ध्याला १९७४ पासून दारूबंदी, गडचिरोलीला १९९३ पासून. चंद्रपूरने ती २०१५ मध्ये आणली आणि २०२१ मध्ये उठवली. ‘सोडली की नाही?’ एवढाच प्रश्न विचारायची सवय असलेल्या या मुलखाला ‘रोज गोळी घेतोय’ हे उत्तर पटायला जड जातं. दारूच्या बाबतीत ती सवय चालून जाते. गर्दच्या बाबतीत तीच जिवावर बेतू शकते: महिनाभर बंद ठेवलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते, आणि बाहेर पडून त्याने जुन्याच मापाने घेतलं की श्वास थांबतो. उलट ओएसटीत टिकून राहिलेल्यांचा मृत्यूचा धोका निम्म्याहून खाली येतो.

भारतात हा विषय पुढे आणला तो एचआयव्हीने. १९८९-९० मध्ये मणिपूरमध्ये सुईने नशा करणाऱ्यांतलं संसर्गाचं प्रमाण सहा महिन्यांत निम्म्यापर्यंत पोचलं. नव्वदच्या दशकात दिल्लीत ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या पर्यायी औषधाच्या गोळ्या देऊन पाहिल्या गेल्या. हे औषध बनतं थिबेनपासून, आणि थिबेन मिळतं अफूतूनच. परिणाम एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, म्हणून ते मेथाडोनपेक्षा सुरक्षित. शीतसाखळी नको, मोठी यंत्रसामग्री नको. १९९९ मध्ये जास्त मात्रेच्या गोळ्यांना परवानगी मिळाली. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घेतली आणि २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात ओएसटी आली.

अडचण औषधाची नव्हती, विश्वासाची होती. याच ब्युप्रेनॉर्फिनची इंजेक्शनं दिल्ली-कोलकात्यात नशेसाठी टोचली जात होती. म्हणून नियम कडक झाले: औषध केंद्रातच घ्यायचं, नर्स गोळी कुटून जिभेखाली ठेवते, विरघळेपर्यंत समोर बसवते आणि तोंड उघडून बघते. पहिली मात्रा टर्की सुरू झाल्यावरच, नाहीतर औषधच ती ओढवून आणतं. काही गोळ्यांत नॅलोक्झोन, म्हणजे अफूच्या कुळातल्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध, मिसळलेलं असतं. जिभेखाली ते निष्क्रिय राहतं, टोचलं तर त्रास देतं.

पैसा एचआयव्हीचा असल्यामुळे दार उघडलं तेही सुई टोचणाऱ्यांनाच. पन्नीवर (चंदेरी कागदावर) गर्द तापवून तिचा धूर ओढणारा त्या चौकटीत बसत नाही, आणि नेमकी त्याचीच संख्या मोठी. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अफूजन्य पदार्थ वापरणारे सुमारे २ कोटी २६ लाख निघाले, सुई टोचणारे अंदाजे साडेआठ लाख. बाकीच्यांसाठी उरतात सरकारी रुग्णालयांतले मानसोपचार विभाग. नागपुरात असा रुग्ण मेडिकल, मेयो किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे वळणार. साध्या औषध दुकानात ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्झोनची गोळी मिळत नाही, तिचा पुरवठा व्यसनमुक्ती केंद्रांपुरताच आहे.

रोज हजेरीची अट शहरातल्या माणसाला एक वेळ झेपेल. काटोल-उमरेडच्या रोजंदारीवाल्याला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी गर्दच्या पुडीइतकी महाग पडू शकते. २०२० च्या टाळेबंदीत देशभर काही दिवसांची औषधं घरी नेऊ दिली गेली. स्थिरावलेल्या रुग्णांना ही मुभा कायम किती द्यायची, हे अजून केंद्रागणिक ठरतं.