सदोष हृदयाचं बाळ आणि विसाव्या आठवड्याची मर्यादा : पार्श्वभूमी

पोटातल्या बाळाच्या हृदयात मोठा दोष आहे हे आईबापांना बहुधा पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कळतं, म्हणजे अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात. मग गर्भाचा इको (बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी), दुसऱ्या डॉक्टरांचं मत, गर्भजलाची तपासणी, मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाची वेळ. यात दोन-तीन आठवडे सहज निघून जातात. गर्भपाताचा १९७१ चा कायदा झाला तेव्हा बाळाच्या हृदयाचे कप्पे जन्माआधी पडद्यावर तपासता येतील असं कुणाच्या गावीही नव्हतं. त्या कायद्याने घातलेली २० आठवड्यांची मर्यादा २०२१ पर्यंत तशीच राहिली.

गर्भाचं हृदय दिसू लागण्याआधीचा इतिहास शस्त्रक्रियेचा आहे आणि तो इथे थोडक्यात पुरे. १९३८ मध्ये बोस्टनला एका मुलीची, जन्मानंतर आपोआप मिटायला हवी होती ती रक्तवाहिनी बांधून बंद केली गेली. १९४४ मध्ये बाल्टिमोरला निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी फुफ्फुसांकडे रक्ताची नवी वाट काढली गेली. १९५४ मध्ये मिनेसोटात तर आई किंवा वडिलांना शेजारच्या टेबलावर झोपवून त्यांच्याच हृदय-फुफ्फुसांवर बाळाचं रक्त खेळवलं आणि तेवढ्या वेळात बाळाचं हृदय उघडून दुरुस्त केलं. एका शस्त्रक्रियेत दोन जीव पणाला लागायचे. पुढे हृदय-फुफ्फुसांचं काम करणारी यंत्रं आली, १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये उलट जोडल्या गेलेल्या महावाहिन्यांची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची, अदलाबदल साधली आणि पहिल्या पंधरवड्यातच बाळाला टेबलावर घेणं नेहमीचं झालं. तोवर सगळे निर्णय जन्मानंतरचेच होते. गर्भाचं हृदय दिसू लागलं आणि निर्णय जन्माच्या अलीकडे सरकला.

आपल्याकडे हा प्रश्न चव्हाट्यावर आला तो २००८ च्या पावसाळ्यात, मुंबईत. वीस आठवडे उलटून गेलेल्या एका गर्भवतीच्या तपासणीत बाळाला जन्मजात पूर्ण हार्ट ब्लॉक असल्याचं दिसलं. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नाही, ठोके मंदावतात. महावाहिन्यांची जागाही बदललेली होती. ते दांपत्य आणि त्यांचे स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून उच्च न्यायालयात गेले. बाळाला जन्मताच पेसमेकर, म्हणजे तारांमधून हृदयाला ठोक्याचा इशारा देणारं बॅटरीवरचं यंत्र, लागेल, तो आयुष्यभर बदलत राहावा लागेल आणि एवढ्या हाल-अपेष्टांत मूल जन्माला घालायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

न्यायालयाने सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या समितीचं मत मागवलं. मूल अपंग जन्मण्याची शक्यता ‘बऱ्यापैकी’ आहे असं समितीच्या पहिल्या अहवालात आलं. नंतर ती चूक असल्याचं सांगून शक्यता ‘अगदी कमी’ आहे अशी दुरुस्ती झाली. एका कुटुंबाचं पुढचं सगळं आयुष्य ज्या शब्दावर टांगलेलं होतं, तो शब्दच बदलला. ४ ऑगस्टला याचिका फेटाळली गेली. तेव्हा गर्भ सव्वीस आठवड्यांच्या आसपासचा होता.

त्या निकालाची चर्चा आजही ‘वीस आठवडे उलटून गेले म्हणून परवानगी नाकारली’ एवढ्यावरच थांबते. हे अर्धंच खरं आहे. हे दांपत्य विसाव्या आठवड्याआधी आलं असतं तरी परवानगी देणं कठीणच होतं, असंही न्यायालयाने म्हटलं होतं. कारण कायद्याची अट नुसती मुदतीची नव्हती. जन्मणारं मूल शारीरिक वा मानसिक दोषामुळे ‘गंभीररीत्या अपंग’ होईल असा मोठा धोका असेल, तरच त्या कारणावरून गर्भपात बसत होता. आता पेसमेकरवर जगणारं मूल गंभीररीत्या अपंग म्हणायचं का? हृदयरोगतज्ज्ञ बहुधा नाही म्हणतील. पेसमेकर घातलेली मुलं शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात, आणि हे निव्वळ धीर देण्यासाठी सांगितलेलं नाही, वस्तुस्थिती आहे. पण नवजात बाळाच्या शिरा इतक्या बारीक असतात की तारा छाती उघडून थेट हृदयाच्या पृष्ठभागावर बसवाव्या लागतात आणि बॅटरीची डबी पोटाच्या भिंतीत ठेवावी लागते. मूल वाढतं तशी तार तोकडी पडू शकते. बॅटरी काही वर्षांत संपते, की पुन्हा शस्त्रक्रिया. महावाहिन्यांचा दोष सोबत असेल तर आणखी वेगळी गुंतागुंत. डॉक्टरांच्या ‘जगेल’ या उत्तरात हे सगळं येतं, आणि आईबापांच्या ‘कसं जगेल’ या प्रश्नातही हेच असतं. कायद्याच्या कलमात मात्र दोघांनाही धड जागा नव्हती.

त्या काळात बाळाचा उपचार मोफत करू, मूल आम्ही सांभाळू, असे प्रस्तावही जाहीरपणे पुढे आले. हेतूंवर शंका घ्यायचं कारण नाही. तरी पेसमेकर फुकट मिळाल्याने रात्री-अपरात्री बाळाचे ठोके बघत बसणाऱ्या आईची नोकरी टिकते असं नाही, हेही कुणी तरी तेव्हा म्हणायला हवं होतं. निकालानंतर काही दिवसांतच त्या महिलेचा नैसर्गिक गर्भपात झाला आणि वर्तमानपत्रांतला वाद ओसरला.

नऊ वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे कोलकात्याचं एक प्रकरण आलं. पुन्हा हृदयाचाच दोष, पुन्हा सव्वीस आठवडे. या वेळी परवानगी मिळाली. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीचा तो दोष अधिक बिकट होता, एकामागोमाग एक शस्त्रक्रिया लागणार होत्या, हे खरं. पण आईला होणारी मानसिक इजाही त्या आदेशात वजनाने आली, आणि २००८ च्या निकालाशेजारी तो ठेवून वाचला तर बदल तिथेच दिसतो.

मग २०२१ ची दुरुस्ती. काही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांवर गेली आणि गर्भात ‘मोठा दोष’ असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर मर्यादाच उरली नाही. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असं नियमांत आहे. मोठा दोष म्हणजे कोणता, हे मात्र कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. मंडळावर स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट किंवा सोनोलॉजिस्ट असावेत असं कायदा सांगतो. बालहृदयरोगतज्ज्ञ असलाच पाहिजे असं सांगत नाही. २००८ चा घोळ आठवणाऱ्याला ही उणीव छोटी वाटणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच एका तेहतीस आठवड्यांच्या प्रकरणात, मेंदूच्या दोषाच्या, मंडळाचं प्रतिकूल मत बाजूला ठेवलं आणि निर्णय त्या स्त्रीचा आहे असं म्हटलं. सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार होऊ शकतात, हा मुद्दा त्याही मंडळाने मांडला होता.

हे सगळं झालं गर्भ ठेवायचा नाही म्हणणाऱ्यांचं. ठेवायचा म्हणणाऱ्यांची सोय त्या मानाने सावकाश झाली, आणि तिच्याबद्दल छापून आलं तेही कमीच. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्राचा बालआरोग्य तपासणी कार्यक्रम सुरू झाला तो पालघरला. त्यातली फिरती पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलं तपासतात. हृदयाला छिद्र असलेली, दूध पिताना घामाघूम होणारी, वजन न धरणारी पुष्कळ मुलं त्यामुळे सापडली आणि त्यांच्या शस्त्रक्रिया घरच्यांचा पैसा न जाता झाल्या. पण ज्या बाळाला जन्मानंतर आठवडाभरात टेबलावर घ्यावं लागतं, ते अंगणवाडीच्या वजनकाट्यापर्यंत पोचतच नाही. त्याच्यासाठी बाळंतपणच लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या शहरात व्हावं लागतं, निदान सुटी होण्याआधी हातापायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा क्लिप लावून बघावं लागतं. केरळने २०१७ पासून अशा बाळांची नोंदणी करून त्यांना थेट शस्त्रक्रियेच्या केंद्राशी जोडायला सुरुवात केली.

महाराष्ट्रात ही केंद्रं प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांतच आहेत. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या घराला बाळ काचेच्या पेटीत असताना शहरात राहण्याची सोय स्वतः करावी लागते, बापाची रोजंदारी तेवढे दिवस बुडते, आणि मोठं भावंड आजीकडे राहतं. उपचाराच्या सरकारी पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया, औषधं, खाटेचा खर्च धरलेला असतो. बुडालेली मजुरी धरलेली नसते.