सांडपाण्यातून रोगसर्वेक्षण

एखाद्या वस्तीच्या गटारांतून वाहणाऱ्या मैलापाण्याचे नमुने ठरावीक काळाने घ्यायचे, त्यांत कोणते रोगजंतू आहेत आणि त्यांचे प्रमाण वाढते आहे की घटते आहे हे प्रयोगशाळेत तपासायचे, आणि त्या माहितीच्या आधारे लसीकरणासारखे सार्वजनिक आरोग्याचे उपाय ठरवायचे, या पद्धतीला सांडपाण्यातून रोगसर्वेक्षण म्हणतात. पोलिओ, विषमज्वर आणि कोविड-१९ या रोगांसाठी तिचा विशेष उपयोग झाला आहे. ज्या रोगाचे जंतू विष्ठेतून किंवा मूत्रातून बाहेर पडतात आणि पाण्यात काही काळ ओळखता येण्याजोग्या स्थितीत टिकतात, अशा कोणत्याही रोगाला ती तत्त्वतः लागू पडते.

रुग्णांच्या नोंदींवर चालणारे सर्वेक्षण माणूस आजारी पडून दवाखान्यात आल्यावरच सुरू होते. पोलिओच्या बाबतीत ही मर्यादा फार जाचक ठरते, कारण लागण झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एकालाच लुळेपणा येतो. बाकीच्यांना थोडा ताप येतो किंवा काहीच जाणवत नाही, पण त्यांच्या विष्ठेतून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. त्यामुळे लुळे पडलेले पहिले मूल डॉक्टरांसमोर येते, तेव्हा विषाणू आसपासच्या शेकडो जणांमध्ये फिरून गेलेला असतो. गटारातल्या नमुन्यात मात्र दवाखान्यात न गेलेल्या, तपासणीचा खर्च न परवडणाऱ्या आणि आपल्याला लागण झाल्याची कल्पनाही नसलेल्या माणसांची नोंद आपोआप होते. या पद्धतीचे खरे मोल इथे आहे.

भारतात हे काम प्रथम मुंबईत उभे राहिले. परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातील एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटर या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्थेने २००१ मध्ये शहरातील सांडपाण्याचे नमुने पोलिओसाठी नियमित तपासण्यास सुरुवात केली. त्या काळात मुंबईत लुळेपणाचे रुग्ण फार थोडे आढळत होते, तरीही सांडपाण्यात वाइल्ड पोलिओ विषाणू, म्हणजे लसीतला नव्हे तर निसर्गात फिरणारा विषाणू, सापडत होता. त्याच्या जनुकक्रमाची देशभरातील रुग्णांकडून मिळालेल्या विषाणूंशी तुलना केली, तेव्हा त्याचे जवळचे नाते उत्तर प्रदेश आणि बिहारमधील विषाणूंशी जुळले. याचा अर्थ परप्रांतीयांनी रोग आणला असा लावणे चुकीचे ठरेल. जिथे लसीकरणात खिंडारे राहतात तिथे विषाणू टिकतो आणि माणसांच्या नेहमीच्या ये-जा करण्यातून सगळीकडे पोहोचतो. मुंबईच्या गटारांनी दाखवले ते हे की, शहरातील प्रत्येक बालकाला डोस मिळत राहिलाच पाहिजे आणि उत्तरेकडील जिल्ह्यांतील मोहिमेला ढिलाई परवडणार नाही. मुंबईच्या सांडपाण्यात वाइल्ड विषाणू नोव्हेंबर २०१० मध्ये शेवटचा आढळला, तर देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदला गेला. मुंबईनंतर दिल्ली, पाटणा, कोलकाता अशा शहरांतही नमुने घेतले जाऊ लागले. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला, तेव्हा रुग्ण सापडत नाहीत या पुराव्याच्या जोडीला सांडपाण्यातही विषाणू सापडत नाही हा पुरावा होता.

पोलिओमुक्तीनंतरही या कामाची गरज संपली नाही. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीतला दुर्बल केलेला विषाणू, लसीकरण अपुरे असलेल्या समाजात दीर्घकाळ फिरत राहिला तर त्यात बदल होऊन तो पुन्हा रोगकारक बनू शकतो. एप्रिल २०१६ मध्ये भारताने या लसीतून पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसरा (टाइप २) वगळला आणि लगेच पुढच्या महिन्यात हैदराबादच्या सांडपाण्याच्या नमुन्यात त्याच प्रकारचा, लसीपासून उद्भवलेला विषाणू मिळाला. एकही मूल लुळे पडलेले नसताना जूनमध्ये हैदराबाद व रंगारेड्डी जिल्ह्यांतील सुमारे ३ लाख बालकांना इंजेक्शनने दिली जाणारी लस देण्यात आली. नमुना आणि मोहीम यांच्यामध्ये महिन्याभराहून थोडेच अधिक अंतर होते. प्रयोगशाळेचा अहवाल किती लवकर लसीकरणात उतरतो, यावरच अशा यंत्रणेची पारख व्हायला हवी.

याहून बोधप्रद उदाहरण इस्रायलचे आहे. तिथे केवळ इंजेक्शनची लस दिली जात होती. ही लस मुलाला लुळेपणापासून वाचवते, परंतु आतड्यात विषाणूची वाढ पुरेशी रोखत नाही. २०१३ मध्ये दक्षिणेतील रहात या शहराच्या सांडपाण्यात वाइल्ड विषाणू आढळला आणि जुने, साठवलेले नमुने पुन्हा तपासल्यावर तो फेब्रुवारीपासूनच तिथे असल्याचे दिसून आले. वरकरणी निरोगी मुले विषाणू पसरवत होती. ऑगस्टपासून तोंडावाटे लस देण्याची मोहीम घेण्यात आली आणि लुळेपणाचा एकही रुग्ण न होता तो प्रसार थांबला. २०२२ मध्ये लंडनच्या बेक्टन येथील मलजल प्रक्रिया केंद्राच्या नमुन्यांत लसजन्य विषाणू मिळाल्यावर शहरातील १ ते ९ वर्षांच्या मुलांना जादा मात्रा देऊ करण्यात आली. गाझामध्ये जून २०२४ मध्ये घेतलेल्या नमुन्यांत असाच विषाणू आढळला. तिथे मात्र युद्ध चालू होते, ऑगस्टमध्ये एक तान्हे बाळ लुळे पडल्याचे निष्पन्न झाले आणि लसीकरण सप्टेंबरमध्येच सुरू होऊ शकले.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९४० च्या सुमारास पॉल व ट्रास्क या संशोधकांनी शहरी सांडपाण्यात पोलिओचा विषाणू असल्याचे माकडांवरील प्रयोगांतून दाखवले होते. त्याच दशकात इंग्लंडमध्ये मूर यांनी गटारांत जाळीदार कापडाच्या घड्या टांगून त्यांत अडकणारे पॅराटायफॉइड या विषमज्वरासारख्या रोगाचे जंतू शोधले. गटाराच्या फांद्यांतून उलट्या दिशेने जात रोगवाहकाच्या घरापर्यंत पोहोचण्याची त्यांची रीत आजही वापरली जाते.

कोविड-१९ च्या साथीत ही पद्धत जगभर पसरली. नेदरलँड्समधील आमर्सफोर्ट शहराच्या सांडपाण्यात मार्च २०२० मध्ये, तिथे रुग्ण नोंदले जाण्याच्या आधी, या विषाणूचे अंश सापडले. भारतात अहमदाबाद आणि हैदराबाद येथे त्याच वर्षी असे अभ्यास झाले, तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सांडपाण्यातील विषाणूच्या बदलत्या रूपांचा जनुकक्रमाद्वारे मागोवा घेतला. घरच्या घरी चाचणी करणारे लोक वाढले आणि अधिकृत रुग्णसंख्या विश्वासार्ह राहिली नाही, तेव्हा अनेक देशांत साथीची चढउतार समजण्याचे मुख्य साधन सांडपाणी हेच उरले.

नमुना उदंचन (पंपिंग) केंद्रावर, प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी किंवा मोठ्या नाल्यातून घेतात. काही ठिकाणी यंत्राने दिवसभर थोडे थोडे पाणी जमवले जाते, काही ठिकाणी सकाळच्या वापराच्या वेळी एकदाच भरून घेतात. नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेत नेला जातो, त्यातील विषाणू थोड्या पाण्यात एकवटले जातात आणि पेशींमध्ये वाढवून किंवा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीने ओळखले जातात. पाण्यात विष्ठेचे प्रमाण किती आहे हे कळल्याशिवाय आकड्यांची तुलना होत नाही, म्हणून मिरचीच्या झाडाला रोग करणारा एक विषाणू मोजतात. तो माणसाला अपाय करत नाही, पण मिरची व तिचे पदार्थ खाणाऱ्यांच्या विष्ठेत मुबलक असतो.

सांडपाण्यावरून रुग्णांची नेमकी संख्या काढता येत नाही. प्रत्येक माणूस सारख्या प्रमाणात जंतू बाहेर टाकत नाही, पावसाळ्यात नाल्याचे पाणी पातळ होते, उष्णतेने विषाणूंचे अंश लवकर नष्ट होतात, आणि जंतू मिळाला नाही म्हणजे तो वस्तीत नाहीच असे म्हणता येत नाही. भारतातील मोठी अडचण मलनिस्सारणाच्या जाळ्याची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार नागरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते, पण प्रक्रियेची स्थापित क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे. सेप्टिक टाकी वापरणारी घरे व लहान गावे प्रक्रिया केंद्रावरील नमुन्यात येत नाहीत, आणि साथीचा धोका अशा वस्त्यांनाच अनेकदा अधिक असतो. म्हणून अशा ठिकाणी उघड्या नाल्यांतून नमुने घ्यावे लागतात. नमुन्यावरून कोणत्याही व्यक्तीची ओळख पटत नसली, तरी एखाद्या वसतिगृहाचा किंवा छोट्या वस्तीचा निकाल जाहीर केल्यास तेथील लोकांकडे संशयाने पाहिले जाण्याचा धोका असतो. त्यामुळे निकाल जाहीर करताना शक्यतो मोठ्या लोकसंख्येचे क्षेत्र धरले जाते.