सीसीएनएची तारीख घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सीसीएनए ही सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीची परीक्षा. तिच्या तयारीसाठी नागपुरात आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या सातआठ जणांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, तारीख कधीची घेऊ?" आम्ही तारीख सांगत नाही. आधी एक कोरा कागद देतो आणि सबनेटिंगची, म्हणजे एका जाळ्याचे लहान तुकडे पाडण्याची, पाच गणितं घालतो. काहींना याचा राग येतो. पण परीक्षेची फी ३०० डॉलर आहे, त्यावर कर वेगळा, आणि नापास झालात तर पुन्हा पूर्ण फी भरावी लागते. उमरेड, काटोल, भंडाऱ्याहून बसने येणाऱ्या मुलामुलींच्या घरी ही रक्कम कशी जमते ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे पत्रक.

आधी परीक्षा कोणती ते ठरवा

नेटवर्किंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसमोर साधारण तीन नावं येतात. सिस्कोची सीसीएसटी नेटवर्किंग ही पहिली पायरी: ५० मिनिटांची, फी कमी, संकल्पना तपासणारी. कॉम्पटियाची नेटवर्क प्लस ९० मिनिटांची, जास्तीत जास्त ९० प्रश्नांची, आणि ती कुठल्या एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेली नाही. तिसरी सिस्कोची सीसीएनए, क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं. तिच्यासाठी आधी दुसरी कुठलीही परीक्षा दिलेली असण्याची अट नाही, आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

बारावीनंतर थेट आलेल्या आणि आयपी पत्ता (जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राचा नंबर) म्हणजे काय इथून सुरुवात करणाऱ्या मुलांना आम्ही सीसीएसटी सुचवतो. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेल्यांनी, किंवा केबलिंग-कॅमेऱ्यांच्या कामात वर्षभर हात काळे केलेल्यांनी सरळ सीसीएनएची तयारी करावी. पुढचा मजकूर तिच्याबद्दल आहे.

अभ्यासक्रमातलं वजन

सिस्कोने सहा भाग आणि त्यांची टक्केवारी जाहीर केलेली आहे. नेटवर्कची मूलतत्त्वं २०, नेटवर्क अॅक्सेस म्हणजे स्विचिंग, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली जाळी) आणि वायफाय २०, राउटिंग (एका जाळ्यातून दुसऱ्यात जायची वाट ठरवणं) २५, आयपी सेवा १०, सुरक्षा १५, ऑटोमेशन १०. पहिल्या तिघांचे मिळून ६५ टक्के होतात. तरीही मुलं ऑटोमेशन आणि एआयचे व्हिडिओ आधी बघतात, कारण ते नवं वाटतं. ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या १.१ आवृत्तीत एआय आणि क्लाउडचे थोडे मुद्दे वाढले आहेत हे खरं, पण ते शेवटच्या दोन आठवड्यांत होतात. राउटिंग दोन आठवड्यांत होत नाही.

सबनेटिंग: लेआउट आणि प्लॉट

नागपुरात लेआउट कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मोठी जमीन घ्यायची, तिचे सारखे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा. सबनेटिंग हेच आहे. १९२.१६८.१०.० स्लॅश चोवीस म्हणजे २५६ नंबरांचा एक लेआउट; स्लॅशपुढचा आकडा जितका मोठा, तुकडा तितका लहान. तो स्लॅश सव्वीसने तोडला की चार तुकडे पडतात, प्रत्येकी ६४ नंबरांचे, आणि ते ०, ६४, १२८, १९२ पासून सुरू होतात. प्रत्येक तुकड्यातला पहिला नंबर पाटीवर जातो, म्हणजे ते नेटवर्कचं नाव. शेवटचा नंबर, म्हणजे ब्रॉडकास्ट, त्या तुकड्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखलेला. राहायला उरतात ६२.

आता विचारा: १९२.१६८.१०.७७ कुठल्या तुकड्यात? ६४ च्या. वापरता येणारे नंबर ६५ ते १२६, ब्रॉडकास्ट १२७. हे उत्तर अर्ध्या मिनिटात, कॅल्क्युलेटरला हात न लावता यायला हवं. परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळत नाही, आणि सबनेटिंग फक्त सबनेटिंगच्या प्रश्नात येत नाही. राउटिंग टेबल वाचताना, अॅक्सेस लिस्ट (कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं याची यादी) लिहिताना, चूक शोधताना ते लागतं. रोज वीस गणितं, सलग तीस दिवस. याला दुसरा रस्ता आम्हाला सापडलेला नाही.

हाताने करा

पॅकेट ट्रेसर हे सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यावर रोज एक जाळं कोऱ्या पानापासून उभं करा: दोन स्विच, एक राउटर, हिशोबाचे संगणक व्हीलॅन दहामध्ये, कॅमेरे व्हीलॅन वीसमध्ये, मध्ये ट्रंक, म्हणजे दोन्ही व्हीलॅनची रहदारी नेणारी एकच जोडणी. चाललं की मित्राला सांगा, माझ्या नकळत एक गोष्ट बिघडव. ती शोधून काढणं हाच खरा अभ्यास. ओएसपीएफ ही राउटरांनी एकमेकांना वाटा सांगण्याची पद्धत. दोन राउटरमध्ये तिची शेजारओळख होत नसेल तर एरिया (राउटरांचा गट) जुळतो का, हॅलोची (ओळखीच्या संदेशाची) वेळ जुळते का, मास्क (तुकड्याचा आकार) जुळतो का, हे एकेक करून बघायची सवय लागली पाहिजे. व्हिडिओतला माणूस ते बघतो तेव्हा सोपं वाटतं. स्वतः बघायला बसलं की पंधरा मिनिटं कुठे गेली कळत नाही.

मागे इतवारीतल्या एका दुकानातून फोन आला. अर्धे संगणक बिलिंगच्या सर्व्हरला सापडत होते, अर्धे नाही. आमच्या पोराने कमांड उघडून पत्ते बघितले. जे चालत नव्हते त्यांचे पत्ते दुसऱ्याच नेटवर्कचे होते. कुणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणून स्विचला जोडला होता आणि तोही डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते देणाऱ्या सोयीने, पत्ते वाटत बसला होता. अशा उपऱ्या वाटपाला स्विचवरच अडवण्यासाठी डीएचसीपी स्नूपिंग असतं, आणि ते सीसीएनएच्या सुरक्षेच्या भागात आहे. त्या पोराने ही व्याख्या पुस्तकात तीनदा वाचली होती. त्या दुपारनंतर ती पुन्हा वाचायची गरज पडली नाही. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही, हेही तो त्याच आठवड्यात शिकला.

डम्प विकत घेऊ नका

परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे म्हणून विकणाऱ्या फाइली मोबाइलवर फिरतात. त्यांतली बरीच उत्तरं चुकीची असतात, आणि त्यांचा वापर सिस्कोच्या नियमांविरुद्ध आहे. पकडलं गेल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. आम्हाला जास्त वाईट पुढचं वाटतं. नागपुरातल्या मिहान या उद्योग-क्षेत्रातल्या कंपनीच्या मुलाखतीत समोरचा माणूस फळ्यावर दोन राउटर काढून विचारतो, "पॅकेट इथून तिथे कसं जाईल, सांग." तिथे फाइल कामाला येत नाही. डम्पवर पास झालेल्यांना आम्ही सरावाला घेतो, पण त्यांना पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते, आणि ते त्यांना फार जड जातं.

परीक्षेच्या दिवसाचं

परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होते, केंद्रावर किंवा घरून. आमचा सल्ला केंद्राचा. मे महिन्यात ४५ अंशांना कूलर बंद पडला, वीज गेली, किंवा खोलीत लहान भाऊ शिरला, तर घरची परीक्षा तिथेच थांबू शकते. घरून देताना कोरा कागदही जवळ ठेवता येत नाही, आकडेमोड पडद्यावरच्या फळ्यावर माउसने करावी लागते. घरूनच द्यायची असेल तर महिनाभर आधीपासून तसाच सराव करा.

एकदा उत्तर देऊन पुढे गेलात की मागे येता येत नाही. बोर्डाच्या पेपरची सवय असलेल्यांना हे फार टोचतं: अवघड प्रश्न सोडून शेवटी बघू, ही सोय इथे नाही. एखाद्या अवघड प्रश्नावर दहा मिनिटं घालवून शेवटचे प्रश्न घाईत उरकलेले हुशार विद्यार्थी आम्ही बघितलेत.

नाव नीट भरा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, ओळखपत्रावर शेवटी, मध्ये वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी एकच अक्षर. नोंदणीतलं नाव आणि तुम्ही नेणार असलेल्या ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत सारखं असावं. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी हे विशेष तपासावं.

नापास झालात तर पुन्हा बसायला पाच दिवस थांबावं लागतं. आम्ही सहा आठवडे थांबायला सांगतो. निकालपत्रावर प्रत्येक भागातली तुमची टक्केवारी असते. ते घेऊन या, कुठे गळती आहे ते बसून बघू.

आमच्याकडे काय मिळतं

दिवसा आम्ही ऑफिसांचं केबलिंग आणि कॅमेऱ्यांची कामं करतो. संध्याकाळी त्याच खोलीत सरावाचं टेबल लागतं: वापरलेले पण चालू तीन राउटर, दोन स्विच, कन्सोल केबली. एका वेळी सहाच जण, कारण सातव्याला हात लावायला काही उरत नाही. परीक्षा आम्ही घेत नाही, पास होण्याची हमी देत नाही, आणि कुठल्याही केंद्राकडून कमिशन घेत नाही.

येताना वही आणि पेन आणा. लॅपटॉप दुसऱ्या दिवशी आणला तरी चालेल.