जलाशयकाठच्या पायवाटा (कोल्हापूर जिल्हा)

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला सह्याद्रीच्या माथ्यावर आणि त्याच्या पूर्व उतारावर धरणांचे जलाशय, निमसदाहरित अरण्य व जांभ्याचे सडे (सपाट, उघडे खडक) यांमधून जाणाऱ्या, मुलाबाळांसह चालता येतील अशा वाटा. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी व पन्हाळा या तालुक्यांत त्या प्रामुख्याने आढळतात. यांपैकी फारच थोड्या वाटा हौशी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या आहेत. गवळी धनगरांच्या वाड्यांना जोडणाऱ्या, हिरडा व मध गोळा करणाऱ्यांच्या, देवदर्शनाच्या आणि कोकणातून मीठ-मासळी घेऊन वर येणाऱ्या बैलांच्या अशा या जुन्या वाटा होत. विसाव्या शतकात धरणांनी त्यांचे खालचे टोक पाण्याखाली घेतले, घाटरस्त्यांनी वरचे टोक निरुपयोगी केले. उरलेला मधला तुकडा आज सहकुटुंब भटकंतीचा आहे.

येथील जलाशयांना लावल्या जाणाऱ्या ‘तलाव’ या शब्दाने दिशाभूल होते. सह्याद्रीच्या या भागात हिमनदीने कोरलेली किंवा अन्य नैसर्गिक डोंगरी सरोवरे नाहीत. पश्चिमेचा कडा उभा, पूर्वेचा उतार मंद आणि खडक बेसाल्टचा. त्यामुळे पावसाचे पाणी साठून न राहता ओहोळांनी निघून जाते. गगनबावड्यास कोल्हापूर शहराच्या कैकपट पाऊस पडूनही उन्हाळ्यात डोंगरवाड्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते, याचे कारण हेच. सड्यांवरील खोलगट जागी साचणारी डबकी दिवाळीनंतर आटतात. बारमाही दिसणारे पाणी जवळजवळ सर्वत्र बांध घालून अडवलेले आहे : भोगावतीवर राधानगरी, दूधगंगेवर काळम्मावाडी, तुळशीवर धामोड, वेदगंगेवर पाटगाव. धारणशक्तीने काळम्मावाडी (सुमारे २५.४ अब्ज घनफूट) राधानगरीच्या (सुमारे ८.३६ अब्ज घनफूट) तिप्पट आहे. तरी वाटांच्या दृष्टीने राधानगरीचे महत्त्व अधिक, कारण तिचा काठ अरण्याला भिडतो.

राधानगरीचा जलाशय ‘लक्ष्मी तलाव’ या नावाने ओळखला जातो. हे नाव छत्रपती शाहू महाराजांच्या पत्नी महाराणी लक्ष्मीबाई यांच्यावरून, तर राधानगरी हे गावाचे नाव त्यांच्या कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांच्यावरून आले. धरणाच्या आरंभाचे वर्ष मात्र निरनिराळे दिले जाते. काही लेखक १९०७, काही १९०८, तर काही १९०९ सांगतात. हा मतभेद बहुधा खरा नसावा. योजनेस मंजुरी, पायाभरणी व प्रत्यक्ष दगडकाम यांपैकी कोणत्या टप्प्यास ‘आरंभ’ म्हणायचे यावर वर्ष बदलते. राधाबाईंचा विवाह देवासच्या तुकोजीराव पवारांशी १९०८ मध्ये झाला, त्याच सुमारास कन्येच्या नावाने वसाहत उभी करण्याचा विचार दृढ झाला असावा. म्हणून येथे १९०७–०९ हा काळ एकत्रितपणे आरंभकाळ मानला आहे. शाहूंच्या हयातीत (मृत्यू १९२२) बांध अपुऱ्या उंचीवरच राहिला. संस्थानाचा तोकडा खजिना व पहिले महायुद्ध ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे. काम स्वातंत्र्योत्तर काळात पुरे झाले. त्यासाठी १९५७ हे वर्ष अधिक स्वीकारले जाते. धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीस पोचले की ते माणसाच्या हाताशिवाय उघडतात आणि प्रत्येकातून सेकंदाला सुमारे १,४२८ घनफूट पाणी सुटते. जुलै-ऑगस्टमध्ये ‘किती दरवाजे उघडले?’ हा पंचगंगाकाठच्या घराघरांतला प्रश्न असतो. सहलीचा बेत ठरतो किंवा मोडतो तोही या उत्तरावर.

जलाशयात पुढे आलेल्या उंचवट्यावर शाहूकालीन ‘बेनझीर व्हिला’ची पडकी वास्तू आहे. जलाशय भरला की तिच्याभोवती पाणी चढते, उन्हाळ्यात ओसरते. एप्रिल-मे महिन्यांत काठाकाठाने चालताना भेगाळलेल्या गाळातून जुने बांध वर आलेले दिसतात. वृद्धांना व लहान मुलांना चालण्यास हा काठ सर्वांत सोपा, मात्र सावली नाही.

या जलाशयाच्या पश्चिमेस दाजीपूरचे अरण्य आहे. ते पूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीसाठी राखीव होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. १९८५ मध्ये क्षेत्र वाढवून त्यास राधानगरी वन्यजीव अभयारण्य हे नाव मिळाले व क्षेत्रफळ ३५१.१६ चौ. किमी. झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. दाजीपूरला महाराष्ट्रातील ‘पहिले अभयारण्य’ म्हणतात. ताडोबा १९५५ पासून संरक्षित असल्याने या दाव्यावर आक्षेप घेतला जातो, पण ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान होते. शिवाय १९५८ मध्ये महाराष्ट्र राज्यच अस्तित्वात नव्हते. तेव्हा ‘अभयारण्य’ या संज्ञेपुरता आणि आजच्या राज्याच्या सीमा गृहीत धरून हा दावा मान्य करण्यास हरकत नसावी. इंग्रजीतून आलेले ‘बायसन’ हे नाव मात्र सोडून द्यावे. येथील प्राणी रानगवा असून अमेरिकेतील बायसन हा निराळा प्राणी आहे. गव्याखेरीज शेकरू, सांबर, अस्वल व बिबट्या येथे आढळतात. उत्तरेकडील चांदोली-कोयना आणि दक्षिणेकडील गोव्याचे अरण्य यांमधील वाघांच्या ये-जा मार्गात हा प्रदेश येतो.

अरण्याचा प्रकार वनस्पतिशास्त्रात तेथील मुख्य झाडांवरून अंजनी–जांभूळ–पिसा असा सांगितला जातो. झाडे उंच नसली तरी छत्र दाट असते. त्यामुळे मे महिन्यातही वाटेवर सावली राहते. तळाशी कारवीची दाटी असून ती सात वर्षांतून एकदा फुलते. अभयारण्याच्या गाभ्यात पायी मोकळे फिरता येत नाही. वनखात्याच्या प्रवेशद्वारावर नोंद करून ठरलेल्या रस्त्याने वाहनातून जावे लागते आणि पावसाळ्यात तेही बंद असते. पायी जाण्याजोग्या वाटा कडेच्या आहेत. उगवाई देवीच्या मंदिराकडील वाट त्यांपैकी अधिक परिचित असून तिच्या टोकाशी कोकण पायाशी उलगडते. जवळच्या शिवगडावर तटबंदीचे फारसे अवशेष नाहीत. राधानगरीजवळचा राऊतवाडीचा धबधबा रस्त्यालगत असल्याने त्यास पायवाट म्हणणे कठीण, पण मुलांची या परिसराशी पहिली ओळख बहुधा तेथेच होते.

अरण्यातून वर आल्यावर लागणारे सपाट, काळपट-तांबूस उघडे खडक म्हणजे सडे. सावराईचा सडा व इदरगंजचा सडा यांची नावे वाटाड्यांच्या तोंडी असतात. सडा जांभ्याचा असतो. उष्ण व दमट हवेत बेसाल्टमधील सिलिका पाण्याबरोबर धुऊन जाते, लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात आणि उघड्यावर कठीण होतात. ॲल्युमिनियमचे प्रमाण जास्त असेल तेथे बॉक्साइट मिळते. दुर्गमानवाडच्या खाणी त्याच थरावर आहेत. सह्याद्रीमाथ्यावरील हा ‘उच्चस्तरीय’ जांभा व कोकणपट्टीतील ‘निम्नस्तरीय’ जांभा यांचा संबंध काय, याविषयी भूवैज्ञानिकांत दीर्घकाळ वाद आहे. एका मताप्रमाणे माथ्यावरील जांभा दख्खनच्या लाव्हापृष्ठावर जागच्या जागी तयार झालेल्या अखंड आवरणाचा अवशेष होय. दुसऱ्या मताप्रमाणे त्याचा काही भाग मुळात प्राचीन दऱ्यांच्या तळाशी लोहयुक्त द्रव्य साचून बनला. हा कठीण थर टिकला, भोवतालचा मऊ खडक झिजला आणि जी दरी होती तो माथा झाला. लांबट, नागमोडी आकाराच्या सड्यांना हे दुसरे स्पष्टीकरण चांगले लागू पडते. मात्र येथील सर्वच सड्यांना ते लावणे घाईचे ठरेल. कालनिश्चितीतही सावधगिरी हवी. माथ्यावरील जांभा लाव्हाप्रवाह थांबल्यानंतरच्या, म्हणजे तृतीय कल्पाच्या आरंभीच्या काळात बनू लागला, इतकेच सर्वसाधारणपणे मानले जाते.

चालणाऱ्याच्या दृष्टीने सड्याचे दोन गुण आहेत : चढ नसतो आणि वाट दिसत नाही. धुके उतरले की खडकावर पाऊलखूण उरत नाही. म्हणून धनगर दगडावर दगड रचून खूण ठेवतात. ती मोडू नये. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मातीच्या बोटभर थरावर सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवे उगवतात आणि ‘दवबिंदू’ ही कीटकभक्षी वनस्पतीही दिसते. कोल्हापूरहून सोयीचा सडा म्हणजे पन्हाळ्यापलीकडील मसाईचे पठार. त्यास २०२२ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पठाराच्या कडेला पांडवदऱ्याची लेणी असून ती बौद्ध समजली जातात व सामान्यतः इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ठेवली जातात. पांडवांशी त्यांचा संबंध नावापुरता. पन्हाळगडावरील सोमाळे व सादोबा ही तळी आणि तबक उद्यान जोडणारी फेरी आजी-आजोबांनाही झेपते.

मसाईच्या पठारावरूनच पन्हाळा ते विशाळगड ही वाट जाते. १२–१३ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज या बाजूने निसटले आणि बाजी प्रभूंनी घोडखिंड लढवली. आज पांढरेपाणी व गजापूर यांमधील खिंड पावनखिंड म्हणून दाखवली जाते. घोडखिंडीचे नेमके स्थान व मधली गावे यांबाबत एकमत नाही. समकालीन साधने वाटेचा तपशील देत नसल्याने तसे होणे स्वाभाविक आहे. दरवर्षी जुलैमध्ये शेकडो लोक ही वाट दोन दिवसांत चालतात. मुलांसाठी मसाईपर्यंतचा पहिला टप्पा पुरेसा आहे. पुढे चिखल, जळवा आणि भाताची खाचरे यांतून जावे लागते.

शाहूवाडी तालुक्यात आंबा गावची आंबेश्वर देवराई ही जुन्या झाडांची छोटी पण दाट राई असून मे अखेरीस व जूनच्या आरंभी तेथे काजवे दिसतात. विजेरीचा उजेड पडला की ते विझतात, म्हणून जाणकार मंडळी अंधारातच उभी राहतात. विशाळगड रस्त्यावरील मानोलीचा लहान बंधारा आणि बर्कीच्या धबधब्याकडे ओढ्याकाठाने जाणारी वाट याच भागात येतात. पाटगावच्या जलाशयाकाठी मौनी महाराजांचा मठ आहे. तेथून रांगणा किल्ल्याकडे जाणारी रानवाट लांब असून चिक्केवाडीपर्यंत वाहनाने गेल्यास चाल कमी होते. गगनबावड्याजवळील गगनगडावर पायऱ्या असून माथ्यावरून करूळ व भुईबावडा हे दोन्ही घाट दिसतात.

या वाटांवर उन्हाळ्यात ताक व खर्डा-भाकरी आणि पावसाळ्यात मीठ-हळदीची पुडी बरोबर नेण्याची रीत आहे. पुडी जळवांसाठी असते. गवा दिसल्यास थांबावे, त्यास वाट द्यावी व कळपापासून सुटलेल्या एकट्या नरापासून विशेष दूर राहावे, असे वाटाडे सांगतात. जलाशयाच्या काठी पोहण्यास उतरू नये. ओसरलेल्या पाण्याखालचा गाळ वरून घट्ट दिसला तरी पाय धरून ठेवतो.