सात मजले, तीस सेकंद आणि सोळा-सतरा वर्षांची पोरं

भाचा सुट्टीत आला होता, वय वर्षं तेरा, आणि दोन दिवस मोबाईलवर एकच व्हिडिओ फिरवून फिरवून बघत होता. एक पोरगा रात्रीच्या अंधारात दोर चढतोय, खाली लोक बेंबीच्या देठापासून ओरडतायत, वर एक बटण आहे ते दाबायचंय. मी म्हटलं, काय रे हे, तर म्हणे "मामा, व्हान्स वॉकर! दोनदा जिंकलाय, दोन्ही वेळा मिलियन डॉलर!" मग मीही शेजारी टेकलो आणि तिथून जो नाद लागला तो आजतागायत सुटलेला नाही.

कार्यक्रमाचं नाव अमेरिकन निन्जा वॉरियर. मूळ जपानचं, सासुके, 1997 पासून टीबीएस चॅनेलवर, शंभर स्पर्धक, चार टप्पे, मधे कुठेही पडलात की खेळ खलास. अमेरिकेत हा प्रकार 2009 ला सुरू झाला. 2024 पर्यंत शेवटच्या चौथ्या टप्प्यात फक्त एक दोर असायचा, 75 फूट उंच, आणि वेळ 30 सेकंद.

आता हे 75 फूट म्हणजे किती ते जरा डोळ्यासमोर आणा, साधारण सात मजली बिल्डिंगची गच्ची. मी कागदावर हिशोब केला. वजन 65 किलो धरलं, उंची सुमारे 22.9 मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम झालं साडेचौदा हजार ज्यूलच्या आसपास, भागिले 30 सेकंद, उत्तर येतं जवळपास 485 वॅट. घरातला चटणी वाटायचा मिक्सर 500 वॅटचा असतो बघा. तो अर्धा मिनिट सलग फिरवायला जेवढी वीज लागते साधारण तेवढी ताकद हा माणूस मुख्यतः हातांतून काढतो, आणि तेही आधीचे टप्पे पार करून आल्यावर.

म्हणूनच अमेरिकेत पहिली कित्येक वर्षं हे कुणालाच जमलं नाही. 2015 ला एकाच रात्री दोघांनी केलं, जेफ ब्रिटनने 29.65 सेकंदात आणि त्याच्यानंतर आयझॅक कॅल्डिएरोने 26.14 मधे. बक्षीस फक्त जलद असणाऱ्याला, त्यामुळे कॅल्डिएरोला 10 लाख डॉलर आणि ब्रिटन, जो खरं तर आधी वर पोचला होता, तो रिकाम्या हाताने घरी. साडेतीन सेकंद! हा नियम मला आजही पटत नाही, पण असो.

खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीला 21 वर्षांच्या आतल्यांना प्रवेशच नव्हता, 2019 ला ती अट 19 वर आली आणि 2021 ला थेट 15 वर आणली, आणि त्याच वर्षी कॉलोराडोचा केडन लेबसॅक नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा चौथ्या टप्प्याच्या दोरापर्यंत पोचला. वेळेत वर नाही गेला, पण पोचला. मोठमोठे, दंड फुगलेले, वर्षानुवर्षं जिममधे घाम गाळलेले लोक खाली पाण्यात पडलेले, आणि दहावीच्या वयाचा पोरगा वर लटकतोय. मग 2023 ला अठराव्या वर्षी व्हान्स वॉकर जिंकला. डॅनियल गिलनेही दोर पूर्ण केला होता, वॉकर त्याच्यापेक्षा जलद. 2024 ला वॉकर परत, या वेळी केलेब बर्गस्ट्रॉमला मागे टाकून. दोनदा जिंकणारा तो पहिलाच.

तर प्रश्न असा की पोरं इतकी पुढे का?

एक कारण अगदी शाळेच्या भूमितीतलं आहे. समजा एखादं शरीर सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठं केलं तर स्नायूची जाडी, म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्रफळ, चौपट होतं आणि ताकद मोटामोटी त्या क्षेत्रफळावर ठरते, पण वजन मात्र आठपट होतं. म्हणजे शरीर जितकं मोठं तितकं स्वतःचंच वजन उचलणं अवघड. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन ओढते आणि हत्तीला उडी मारता येत नाही, त्यामागेही हीच भानगड आहे. इथे बारबेल उचलायची नसते, स्वतःलाच उचलायचं असतं, त्यामुळे हलकं, सडसडीत शरीर फायद्यात. केसी कॅटनझारो ही जिम्नॅस्ट फक्त पाच फूट उंचीची, तिने 2014 ला डलासमधे शहर पातळीचा फायनल कोर्स पूर्ण केला, असं करणारी पहिली बाई. अर्थात बुटक्यांना तोटाही आहेच, दोन बारमधलं अंतर तुमची उंची बघून कमी होत नाही. धावत वर चढायची ती वाकडी भिंत साडेचौदा फुटांची आणि तिची थोरली बहीण तब्बल 18 फुटांची, तिथे लांब हात असलेला माणूस नुसता हात टाकून कडा पकडतो.

पण वजनापेक्षा मला जास्त भारी वाटते ती पकड. आपली बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते असतात कोपराच्या खाली, आणि तिथून लांब दोरीसारखे टेंडन मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात, अगदी कळसूत्री बाहुलीसारखं. हाताची मूठ घट्ट आवळा आणि दुसऱ्या हाताने कोपराखाली दाबून बघा, तिथे हालचाल लागते. आता काय होतं, स्नायू जोरात आवळला की तो स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्त पुरेसं येत नाही, ऑक्सिजन कमी, आतला कचरा बाहेर जात नाही, आणि तो भाग दगडासारखा फुगतो. क्लाइंबर लोक याला पंप म्हणतात. एकदा पंप आला की मेंदू कितीही ओरडला तरी बोटं आपोआप उघडतात. म्हणून हे खेळाडू दोन अडथळ्यांच्या मधे हात खाली सोडून झटकताना दिसतात, मला आधी वाटायचं स्टाईल मारतायत, पण तो श्वास असतो हातांचा, तेवढ्या दहा-वीस सेकंदात रक्त परत धावतं आणि थोडं इंधन परत भरतं.

आणि त्यात झोका! एका बारवरून झोका घेऊन हात सोडायचे आणि हवेतून दुसरा बार पकडायचा, याला लाशे म्हणतात. झोपाळ्यावर बसून पाय मागेपुढे करून उंची वाढवतो ना आपण, तेच इथे हातावर लटकून करायचं. फक्त झोपाळ्यावर भार बुडाखालच्या फळीवर असतो, इथे बोटांवर. शरीर 60 अंशांपर्यंत मागे जाऊन खाली आलं तर तळाशी बोटांवर वजनाच्या दुप्पट ओढ येते आणि पार आडवं होऊन आलं तर तिप्पट. म्हणजे 65 किलोच्या माणसाच्या बोटांना 195 किलोचा झटका, तोच 45 किलोच्या पोराला 135. साठ किलोंचा फरक फक्त वजनामुळे. सोडायची वेळही अचूक लागते, लवकर सोडलं तर सपाट जाऊन पुढे खाली पडाल, उशिरा सोडलं तर वर जाल पण पुढे जाणार नाही, आणि हे गणित मान वर करून, दमलेल्या अवस्थेत, शरीरानेच करायचं असतं. लहानपणापासून हजारो वेळा केलेलं असलं की ते हातात बसतं. ही पोरं टीव्हीवर हा कार्यक्रम बघतच मोठी झाली, निन्जा जिममधे सहाव्या-सातव्या वर्षापासून लटकायला लागली. व्हान्स वॉकर स्वतः मोठ्यांच्या स्पर्धेआधी मुलांच्या ज्युनियर स्पर्धेत दोनदा जिंकून आला होता, म्हणजे अठराव्या वर्षी तो नवशिका नव्हताच मुळी, एक करिअर आधीच करून आलेला.

आपल्याकडे दोरीचा मल्लखांब करणाऱ्या मुलींना बघितलं की याचीच आठवण येते, फक्त तिथे पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोरी धरून हातांचा भार वाटून घेतात. अमेरिकन निन्जांनी ते शिकायला हरकत नाही असं माझं मत!

आता वॉकरबद्दलची ती गोष्ट, जी ऐकून भाचा गप्प झाला होता. त्याला लहानपणी सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं होतं, हा कदाचित कधी चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पायांना प्लास्टर, मग ब्रेस. सेरेब्रल पाल्सीत मूळ दोष पायात नसतो. जन्माच्या आधी किंवा आसपास, वाढत्या मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाला इजा झालेली असते, त्यामुळे स्नायूंना चुकीचे निरोप जातात आणि बऱ्याच जणांत ते सतत आखडलेले राहतात. प्लास्टर आणि ब्रेस लावतात ते आखडलेला स्नायू हळूहळू ताणलेला राहावा म्हणून. मेंदूतली इजा वाढत नाही, पण भरूनही येत नाही. मात्र लहान वयात मेंदू नवे रस्ते तयार करण्यात तरबेज असतो, सराव जितका भरपूर आणि लवकर तितकं बरं. एक मात्र स्पष्ट सांगतो, ही अवस्था प्रत्येकात वेगळ्या तीव्रतेची असते, त्यामुळे वॉकरचा व्हिडिओ दाखवून दुसऱ्या एखाद्या मुलाच्या आईबापाला "बघा, जिद्द पाहिजे" असं सुनावणं हा शुद्ध गाढवपणा आहे.

पोरांच्या फायद्याला एक धोकाही चिकटलेला आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकाजवळ मऊ कूर्चेचा थर असतो, हाड तिथून लांब होतं, आणि तो थर टेंडनपेक्षा कच्चा. मोठ्या माणसाने बोटांवर अति ताण दिला तर बोटातल्या पट्ट्या फाटतात, किशोरवयीन क्लाइंबरमधे मात्र मधल्या पेराच्या हाडालाच त्या थरापाशी बारीक तडा जातो. दुखणं हळूहळू वाढतं, पोरं सांगत नाहीत, आणि दुर्लक्ष केलं तर बोट वाकडं वाढू शकतं. त्यात उंची झपाट्याने वाढते तेव्हा हातपाय अचानक लांब होतात आणि मेंदूकडचा जुना नकाशा चुकायला लागतो, काल जमलेली उडी आज जमत नाही. या काळात कोचने शांत राहावं.

हा प्रकार आता नुसता टीव्हीपुरता उरलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकमधे आधुनिक पेंटॅथलॉनमधे, म्हणजे पाच खेळांच्या एकत्र स्पर्धेत, घोडा बिथरला, त्याला मारहाण झाली, जगभर ओरड झाली, आणि त्यानंतर घोडेस्वारी काढून तिथे अडथळ्यांची शर्यत आणायचं ठरलं. पॅरिसला 2024 ला घोडे शेवटचे धावले, 2028 ला लॉस एंजेलिसमधे त्यांच्या जागी बार, रिंग आणि भिंती.

भाच्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मग मी किती वेळ लटकू? सोसायटीच्या बागेतल्या बारवर पूर्ण मूठ आवळून लटक, बोटांच्या टोकांवर नाही, आणि पेर दुखलं तर थांब आणि सांग, असं म्हणून आम्ही दोघं खाली गेलो. तो 51 सेकंद लटकला. मी 19, आणि संध्याकाळी चहाचा कप डाव्या हातात धरला.